सांभाळणारं कोण?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आणि तांड्यांवर ऊसतोडीला निघायची तयारी सुरू होते. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, पावसाळ्यातच कुणाच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जिरलेली असते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला थोडेच दिवस उरलेले असतात. पत्र्याची पेटी, बाजरीची पोती, फडावरच्या झोपडीवर, कोपीवर टाकायची ताडपत्री, भांडीकुंडी हे सगळं ट्रकमध्ये कसं बसवायचं ते दरवर्षीच्या सवयीने ठरलेलं असतं. ठरायचं राहिलेलं असतं ते एवढंच, की लेकरांपैकी कोण ट्रकमध्ये चढणार आणि कोण मागे राहणार.

त्याचेही ठोकताळे आहेत. अंगावर पिणारं मूल आईबरोबर जातं, त्यात प्रश्नच नसतो. शाळेत जाणारी मुलं शक्यतो आजी-आजोबांपाशी ठेवतात. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं मात्र सांगता येत नाही. कधी फडाच्या बांधावर धाकट्याला सांभाळायला तिला नेतात, कधी मागे राहून तीच आजीचा हात होते. सगळ्यात अवघड असतं दूध सुटलेल्या, पण शाळेचं वय न झालेल्या मुलाचं. दीड ते सहा वर्षांचं हे लेकरू फडावर नेलं तर उसाने लादलेल्या गाड्या, ट्रॅक्टर, कोयते, कोपीपुढच्या पेटत्या चुली आणि हिवाळ्यातली पहाट यांच्यात त्याला सोडून द्यावं लागतं. घरी ठेवलं तर पाच-सहा महिने त्याला आई दिसत नाही. दोन्हींत चांगलं काहीच नाही, हे आईबापांना कुणी सांगावं लागत नाही. त्यातल्या त्यात कमी वाईट वाटेल ते निवडून ते निघतात.

महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांची संख्या आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत वेगवेगळी सांगितली जाते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बीडचा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हे दिवस कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरच्या नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत काढायचे.

पोटासाठी गाव सोडणं मराठी मुलखाला नवं नाही. कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी मुंबईला धाडले आणि घरं मनीऑर्डरवर चालवली. पण तिथे बहुधा बाप जायचा आणि आई घरी राहायची. ऊसतोडीत दोघंही एकाच दिवशी, एकाच ट्रकने जातात, कारण या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते आणि जोडीनेच अंगमेहनतीने फेडायची असते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही अर्धीच. मुलाच्या दृष्टीने पाहिलं तर या एका पद्धतीमुळे आईबाप दोघंही एकदमच नजरेआड होतात.

मध्ये परत येणंही सोपं नसतं. कामावर नसलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. खाडा झाला की मजुरी तर बुडतेच, वर मुकादम पैसे कापतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. खाड्याचा व्यवहार मात्र अशा जाहीर दरांत बसत नाही, तो मुकादम आणि मजूर यांच्यातला, तोंडी. गावाकडून फोन आला की लेकराला दोन दिवस जुलाब लागलेत, तर आईला आधी हिशेब करावा लागतो: दोन दिवसांचा खाडा, येण्या-जाण्याचं भाडं, आणि जोडीतलं एक माणूस गेल्यावर रिकामी राहणारी गाडी. बऱ्याचदा उत्तर ठरतं, "गावातल्या डॉक्टरला दाखवा, पैसे पाठवते."

मागे उरते आजी. आजी म्हटल्यावर सत्तरीतली म्हातारीच डोळ्यांसमोर येते, पण या भागात मुलींची लग्नं लवकर होतात, त्यामुळे चाळिशीतच आजी झालेल्या बायका पुष्कळ आहेत. यातल्या ज्यांच्या अंगात जोर आहे, त्या स्वतःच कोयता घेऊन जातात. घरी राहते ती बहुतेकदा गुडघे आणि कंबर गेलेली, मोळ्या वाहून मान आखडलेली, डोळ्यांना कमी दिसणारी बाई. कोयत्याच्या कामातून बाद झालेलं शरीर लेकरं सांभाळायच्या कामाला लागतं. दोन मुलगे बायकांसह तोडीला गेले असतील तर तिच्या पदरात चार-पाच नातवंडं असतात. शिवाय शेळ्या, पाणी, रब्बीचा तुकडा, आणि बहुधा स्वतःची दुखणी.

आता सरकारी आरोग्ययंत्रणेला या बाईकडून काय काय अपेक्षित आहे ते पाहावं. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मुलाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर द्यायचा. जीवनसत्त्व ‘अ’ दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक मिलिलिटर. फेब्रुवारीतल्या जंतनाशक दिनी गोळी, तीही एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धीच, चुरून. जुलाब लागले तर ओआरएस, आणि जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या पुरे चौदा दिवस. हे सगळं छोट्या-छोट्या तारखांवर चालतं. आणि ते ज्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं, ते गरोदरपणात आईच्या हाती दिलेलं असतं. समजावूनही तिलाच सांगितलेलं असतं. 2018 पासून आशाताईंनी लहान बाळाच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात जाऊन आहाराबद्दल बोलावं अशी योजना आहे. पंधराव्या महिन्यानंतर या भेटी संपतात. ऊसतोडीच्या घरात मूल आजीकडे सोपवायची वेळ साधारण तिथूनच पुढे सुरू होते.

खाण्याचं तर आणखी कठीण. दोन वर्षांच्या मुलाचं पोट लहान. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी लागतं. घरात चूल पेटते दोनदा, आणि जेवण असतं ते मोठ्यांचं: बाजरीची भाकर, तिखटजाळ कालवण. भाकर दुधात किंवा वरणात कुस्करून, थोडं तेल घालून, जवळ बसून भरवायला अर्धा तास लागतो. चार नातवंडांच्या आजीला असा अर्धा तास दिवसातून चारदा कुठून मिळणार? रडणाऱ्या लेकराला दुकानातला पाच रुपयांचा पुडा देणं तिला जमण्यासारखं असतं, आणि आईबापांनी पाठवलेल्या पैशातून ते परवडतंही. यात तिचं प्रेम कमी पडतं असं कुणी म्हणू नये. कमी पडतात ते हात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, 25.6 टक्के उंचीच्या मानाने हडकुळी, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयातली 68.9 टक्के रक्तक्षयी. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी सुमारे अकरा टक्केच. हे आकडे आईबाप घरी असलेल्या मुलांसकट आहेत. आजीकडे राहिलेल्या मुलाची सुरुवातच इथून होते.

अंगणवाडी आहे, आणि ती नसती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात. दिवसाला 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं हा त्याचा 2013 च्या कायद्यात लिहिलेला मूळ निकष होता. पण आता हे वाटप मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरशी जोडलेलं आहे, आणि 2025 पासून टीएचआर देताना चेहऱ्याची पडताळणी आली आहे. मुलाची नोंदणी आईच्या आधारवर आणि आईच्या फोन नंबरवर झालेली असेल, तर ओटीपी वाजतो कोल्हापूरच्या फडात आणि पाकीट असतं बीडच्या अंगणवाडीत. समजूतदार सेविका त्यातून वाट काढतात. योजना आखणाऱ्याने मात्र मुलाला भरवणारी बाई त्याची आईच असणार असं धरलेलं आहे.

हेच गृहीतक आजारी मुलाच्या बाबतीत जास्त महागात पडतं. दंडाच्या घेराची पट्टी 11.5 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे लाल भागात गेली, तर ते मूल तीव्र कुपोषित. त्यात ते आजारीही असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवावं लागतं, आणि सोबत मोठं माणूस हवं. त्या माणसाला बुडीत मजुरीही मिळते. पण आजी गेली तर बाकीच्या नातवंडांचं काय, आणि आई आली तर खाड्याचं काय? बुडीत मजुरी देताना सरकार रोजगार मोजतं, उचल मोजत नाही.

आईबाप बाहेरगावी आणि मूल गावात, याचा मुलाच्या तब्येतीवर नेमका काय परिणाम होतो, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. डिसेंबर 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 111 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मागे राहिलेल्या मुलांमध्ये हडकुळेपणाची जोखीम 13 टक्क्यांनी आणि खुजेपणाची 12 टक्क्यांनी जास्त निघाली. मोठ्या मुलांमध्ये नैराश्याची जोखीम 52 टक्क्यांनी जास्त. आईबापांच्या जाण्याने घरात पैसा येतो, त्यामुळे मुलांचं बरंच होत असेल, या समजुतीला त्यात आधार सापडला नाही. या 111 पैकी 91 अभ्यास एकट्या चीनमधले होते.

कारण उघड आहे. चीनमध्ये कुटुंबाची नोंदणी ज्या गावची, तिथेच त्याला शाळा-दवाखान्याचे हक्क, अशी पद्धत 1958 पासून चालत आली आहे. किनाऱ्यावरच्या कारखान्यांना मजूर हवे होते, त्यांची मुलं नको होती. 2010 च्या जनगणनेच्या आधारे केलेल्या हिशेबात आई, बाप किंवा दोघंही बाहेर असलेली ग्रामीण मुलं सहा कोटींहून अधिक निघाली, आणि त्यातली दोन कोटींपेक्षा जास्त सहा वर्षांखालची. नोव्हेंबर 2012 मध्ये क्वीचौ प्रांतातल्या पीच्ये शहरात पाच मुलगे थंडीपासून बचावासाठी कचरापेटीत शिरले, आत कोळसे पेटवले आणि धुराने गुदमरून मेले. त्यांच्यातल्या काहींचे आईबाप कामासाठी परगावी होते. देशभर हळहळ झाली. 2016 मध्ये सरकारने या मुलांसाठी स्वतंत्र धोरण आणलं, आणि त्याच वेळी व्याख्याही बदलली: सोळा वर्षांखालचं मूल आणि आईबाप दोघंही बाहेर, किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळायला असमर्थ. नव्या व्याख्येने संख्या झाली 90 लाख. व्याख्येच्या चाळणीने एका फटक्यात एवढी मुलं कमी करण्याची ही कला आपल्याकडच्या दारिद्र्यरेषेमुळे मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. तरी त्या मोजणीतून एक गोष्ट ठळक झाली. या 90 लाखांपैकी जवळपास 90 टक्के मुलं आजी-आजोबांपाशी होती.

बीडच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी अभ्यास चीनच्या शान्शी प्रांतातला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ स्कॉट रोझेल आणि त्यांचे चिनी सहकारी तिथल्या खेड्यांत बरीच वर्षं काम करत आले आहेत. आई गावात असताना आणि ती गेल्यानंतर, अशा दोन्ही वेळी त्यांनी त्याच बाळांची वाढ तपासली. 2020 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, मूल वर्षाचं होण्याआधी आई गेली तर दोन वर्षांच्या वयात त्याची आकलनक्षमता लक्षणीय मागे पडते. कारणं दोन दिसली. ताटातलं वैविध्य कमी होतं, आणि मुलाशी बोलणं, खेळणं, गोष्ट सांगणं कमी होतं. शारीरिक आरोग्याच्या बाकीच्या मोजमापांत मात्र या अभ्यासाला फरक सापडला नाही.

ही शेवटची ओळ आपल्याकडे कुणाच्याही लक्षात यायला हवी, कारण आपली सगळी देखरेख वजनकाट्यावर चालते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, उंची मोजतात, दंडाची पट्टी लावतात. ज्या मुलाशी दिवसभरात कुणी धड दहा वाक्यं बोललेलं नाही, त्याचं वजन नीट भरत असेल तर ते तक्त्यावर सुखरूप असतं. त्याला पुरतं वाक्य जुळवता येत नाही हे थेट पहिलीच्या गुरुजींना कळतं. तोवर पहिली तीन वर्षं हातची गेलेली असतात, आणि मेंदूची बरीचशी जडणघडण त्याच वर्षांतली असते.

चीनने यावर जे करून पाहिलं त्यातला एक प्रयोग मोठा विलक्षण आहे. एक मूल धोरण राबवणारी कुटुंबनियोजन खात्याची माणसं गावोगाव होती. दुसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या बाईला तीच हुडकून काढत, दंड वसूल करत. लोकांना त्यांचा धाक होता. 2016 पासून हे धोरण संपलं, आणि ही फौज रिकामी होण्याच्या बेतात होती. शान्शीत यातल्याच काहींना प्रशिक्षण देऊन वेगळ्या कामाला लावलं गेलं. आठवड्यातून एकदा खेळणी आणि चित्रांची पुस्तकं घेऊन त्यांनी घरी जायचं, आणि बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आई किंवा आजीला करून दाखवायचं. सहा महिन्यांत मुलांची प्रगती मोजण्याइतकी झाली, आणि जी सगळ्यात मागे होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. गंमत म्हणजे ज्या घरांचं या खात्याबद्दल बरं मत होतं, त्यांनीच या भेटींत जास्त भाग घेतला, आणि भेटींनंतर खात्याबद्दलचं मत आणखी सुधारलं. दार उघडायला आधी ओळख लागते, एवढं त्यातून कळतं. बीडमधल्या आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला धाकाचा इतिहास पुसावा लागणार नाही. आजी तिला नावानिशी ओळखते, आणि पुष्कळदा ती तिच्याच भावकीतली असते.

खाण्याच्या बाजूने चीनने 2012 पासून गरीब भागांतल्या सहा ते चोवीस महिन्यांच्या मुलांना सोयाबीनच्या पिठात लोह, जस्त आणि जीवनसत्त्वं मिसळलेली बारा ग्रॅमची पुडी रोज मोफत द्यायला सुरुवात केली. पुडी फाडायची, पाण्यात किंवा पेजेत कालवायची, भरवायची. वेगळं शिजवायचं नाही आणि मापाचा चमचा शोधायचा नाही. थकलेल्या आजीला झेपेल एवढंच काम त्यात ठेवलेलं आहे.

महाराष्ट्रात काहीच होत नाही असं नाही. ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहं चालतात. शाळेतच सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं, आणि मुलं रात्री आजी-आजोबांकडे झोपायला जातात. निधी उशिरा येतो, पटावरची मुलं आणि ताटावरची मुलं जुळत नाहीत, अशा तक्रारी दरवर्षी होतात, तरी या सोयीने हजारो मुलांची शाळा टिकली. 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली, प्रत्येकात शंभर मुलं किंवा मुली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे ‘शांतिवन’सारखी संस्था दोन दशकांहून जास्त काळ ऊसतोड मजुरांची मुलं सांभाळते आहे. पण यातलं जवळजवळ सगळं शाळकरी मुलांसाठी आहे. हंगामी वसतिगृहाच्या दारात सहा वर्षांच्या मुलाला प्रवेश आहे, त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला नाही. ती आजीच्या पदराला धरून, भाऊ संध्याकाळी जेवून येण्याची वाट बघते.

लहानांसाठी जे आहे ते जाणाऱ्या मुलांचं. महिला व बालविकास विभागाची ‘महा एमटीएस’ ही स्थलांतर नोंद ठेवणारी प्रणाली चांगल्या हेतूने सुरू झाली: गरोदर बाई किंवा बाळ बीडहून सांगलीला गेलं, तर तिथल्या अंगणवाडीला कळावं आणि आहार, लस तुटू नये. पण मूल घरीच राहिलं असेल तर प्रणालीच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. पत्ता तोच, अंगणवाडी तीच, लाभार्थी हजर. त्याचे आईबाप गेले, हे त्यात कुठे उमटत नाही. पाळणाघराच्या केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच दिवसभराचं पाळणाघर जोडायची सोय आहे. ती योजना नोकरी-मजुरी करणाऱ्या आयांना नजरेसमोर ठेवून आखलेली आहे. ज्या गावात हंगामात तरण्या आयाच उरत नाहीत, तिथे पाळणाघराची जास्त गरज आहे. तिथे त्या पाच-सहा महिन्यांसाठी ते उघडलं, तर आजीला दिवसाचे सहा-सात तास मोकळे मिळतील, आणि मुलाला तिसरं-चौथं जेवण भरवणारं कुणीतरी.

त्यासाठी नवं खातं काढायला नको. अंगणवाडीच्या नोंदीत ‘आईचं नाव’ याच्या शेजारी ‘सध्या सांभाळणारं कोण’ हा एक रकाना हवा. टीएचआरसाठी त्या व्यक्तीची पडताळणी चालावी. जोडपं निघण्याआधी कार्ड, लोहाची बाटली आणि पुढच्या लसीची तारीख आशाताईने आईसमोरच आजीच्या हाती द्यावी. आणि आशाच्या घरभेटी पंधराव्या महिन्यानंतरही चालू राहाव्यात, निदान अशा घरांपुरत्या.

कोणती घरं, हे शोधणं अवघड नाही. ट्रक दसऱ्यानंतर हलतात, पण उचल जून-जुलैपासून वाटली जाते. यंदा कोणत्या वस्तीवरून किती कोयते जाणार आणि कोणती जोडी कुणाच्या टोळीत, हे मुकादमाच्या वहीत पावसाळ्यातच लिहिलेलं असतं. ऊसतोड मजुरांना ग्रामपंचायतीमार्फत ओळखपत्रं द्यायचं कामही काही वर्षांपूर्वी सुरू झालं आहे. त्यावर मजुराचं नाव येतं. त्याच कागदावर घरी राहणाऱ्या लेकराचं वय आणि ते कुणापाशी राहणार हे लिहून घेतलं, तर बॉयलर पेटण्याआधी अंगणवाडीला तयारीसाठी तीन-चार महिने मिळतात.